होळीच्या पोळीपासून चैत्रगौरीच्या पन्ह्यापर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नानंतर तुम्ही कोल्हापुरात राहायला आलात आणि सासूबाईंच्या आजारपणामुळे होळीची पुरणपोळी, रंगपंचमीची थंडाई, पाडव्याचे श्रीखंड आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे पन्हे हे सारे गेल्या वर्षीपासून तुमच्याकडे आले. प्रमाण अगदी मोजून घेतले, तरीही पोळ्या लाटताना फुटल्या, श्रीखंड दुसऱ्या दिवशी पातळ झाले आणि पन्ह्याला कैरीचा स्वाद म्हणून राहिला नाही. यंदा हळदीकुंकवाला ४० बायका येणार आहेत आणि पुन्हा तसेच होऊ नये अशी तुमची इच्छा आहे. मंगळवार पेठेतल्या माझ्या स्वयंपाकघरातून मी ३० वर्षांहून अधिक काळ सणाच्या पोळ्या, श्रीखंड आणि पन्ह्याच्या ऑर्डर पुरवीत आले आहे. त्या अनुभवातून जे पक्के समजले, तेवढेच येथे लिहिते.

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. ते साखर-गुळाच्या प्रमाणात नाही, पाण्याच्या हिशेबात आहे. डाळीत किती पाणी राहिले, गुळाने किती सोडले, दह्यातून किती निथळले, कैरीने शिजताना किती ओढून घेतले, हे कोणत्याही पाककृतीत ग्रॅममध्ये लिहिता येत नाही, कारण ते दर वर्षी, दर पोत्याला आणि दर म्हशीच्या दुधाला बदलते. ते हाताला आणि डोळ्यांना कळावे लागते. म्हणून मी प्रमाणे देणार आहेच, परंतु त्याहून अधिक भर प्रत्येक टप्प्यावरच्या परीक्षेवर देणार आहे.

आरंभ गुळापासून करते, कारण कोल्हापुरात राहून गूळ निवडता आला नाही तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. येथील गुळाचा व्यापार जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती प्रामुख्याने गुळाची बाजारपेठ म्हणून, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. दिवाळीच्या सुमारास पेटलेली गुऱ्हाळे फाल्गुनात हंगामाच्या अखेरीकडे आलेली असतात, त्यामुळे होळीला आपल्याला त्याच वर्षीचा ताजा गूळ मिळतो, हे मोठे भाग्य आहे. मात्र बाजारात जो गूळ सर्वांत पिवळाधमक दिसतो तो घेण्याचा मोह आवरावा. उसाचा रस काईलीत आटताना त्यात रानभेंडीचा चिकट रस घातला जातो, त्याने मळी वर येते आणि ती गुळव्या झाऱ्याने काढून टाकतो. एवढ्या स्वच्छतेने होणारा गूळ सोनेरी तांबूस किंवा तपकिरी असतो. त्याहून फिकट, लिंबासारखा पिवळा रंग आणण्यासाठी काही ठिकाणी रासायनिक भुकटी वापरली जाते. असा गूळ पुरणात घातला की पोळीला उसाचा मूळचा खमंगपणा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरी परीक्षा चवीची. खडा जिभेवर ठेवला असता गोडीमागोमाग खारटपणा जाणवला तर तो गूळ क्षारपड जमिनीतल्या उसाचा आहे असे समजावे. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात अशी जमीन बरीच आहे. तो गूळ आमटीला चालतो, पण दुधाशी त्याचे जमत नाही आणि पुरणातही तो चव बिघडवतो. तिसरी गोष्ट, दुकानदाराने चिक्कीचा गूळ दिला तर नम्रपणे परत करावा. तो संक्रांतीच्या वड्यांसाठी अधिक पाक करून बनवलेला असतो. पुरणात तो गार झाल्यावर ताठरतो आणि पोळी लाटताना पुरण काठापर्यंत सरकत नाही. पुरणाला साधा, सुरीने सहज चिरला जाणारा गूळ घ्यावा.

आता पुरण. एक किलो हरभऱ्याच्या डाळीला एक किलो गूळ हे कोल्हापूरकडचे प्रमाण आहे. ज्यांना बेताचे गोड आवडते त्यांनी ८०० ग्रॅम घ्यावा, त्याहून कमी केल्यास पुरणाला बांधणी येत नाही. डाळ लक्ष्मीपुरीतून घेताना दाणे एकसारखे आहेत ना हे पाहावे, कारण लहान-मोठी डाळ एका वेळी शिजत नाही. दोन तास भिजवून, चौपट पाण्यात, चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घालून शिजवावी. सोडा अजिबात घालू नये. त्याने डाळ मऊ होते खरी, पण तिचा लगदा होऊन ती पाणी धरून ठेवते, आणि तेच पाणी पुढे पोळी फोडते. शिजलेल्या डाळीचा दाणा आकाराने शाबूत दिसावा आणि दोन बोटांत धरताच कण न राहता विरघळावा. येथे घाई करून चालत नाही, कारण एकदा गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. कच्चट राहिलेला कण नंतर पुरणयंत्रातूनही जात नाही आणि पाट्यावरही नीट वाटला जात नाही.

डाळ शिजली की ती गरम असतानाच चाळणीत उपसावी आणि किमान अर्धा तास निथळत ठेवावी. बहुतेक घरांत हा अर्धा तास पाच मिनिटांवर आणला जातो, आणि तुमच्याकडूनही हेच झाले असावे असे तुमच्या वर्णनावरून वाटते. खाली जे पाणी जमते ते आपल्याकडचे येळवणी, पुण्याकडचा कट. ते टाकायचे नसते, त्याकडे पुढे येते. निथळलेली डाळ आणि चिरलेला गूळ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र केला की पहिली दहा मिनिटे सारे पातळ होते, आणि नवशिकी गृहिणी येथेच घाबरते. घाबरू नये. हे गुळाचे पाणी आहे आणि ते मध्यम आचेवर सतत ढवळत आटवायचे आहे. पुरण पातेल्याच्या कडेपासून सुटू लागले, त्यातून जड बुडबुडे फुटू लागले आणि मधोमध उभा केलेला डाव न कलंडता तसाच राहिला, की आच बंद करावी. गार झाल्यावर पुरण आणखी घट्ट होते, म्हणून डाव उभा राहताच थांबावे. त्यापुढे आटवलेले पुरण सकाळपर्यंत वडीसारखे होते. वेलची, जायफळ आणि आवडत असल्यास सुंठ शेवटी घालावी, आणि पुरण कोमट असतानाच वाटावे, कारण गार पुरण वाटायला दुप्पट वेळ लागतो.

एक किलो डाळीचे माझ्याकडे साधारण सव्वादोन ते अडीच किलो पुरण होते आणि त्यात मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. पुरण सैल राहिले तर त्यात भाजलेले बेसन घालण्याची युक्ती अनेक जणी सांगतील; मला ती मान्य नाही, कारण त्याने पुरणाचा पोत पिठूळ होतो. ते पुन्हा पातेल्यात घालून आटवावे किंवा परातीत पसरून पंख्याखाली तासभर ठेवावे. उलट, कोरडे पडले तर दोन चमचे गरम येळवणी शिंपडून मळावे.

पोळी फुटण्याचे दुसरे कारण कणकेत असते. गव्हाचे पीठ मलमलच्या कापडातून चाळून घ्यावे आणि दोन भाग पिठाला एक भाग मैदा मिसळावा. केवळ मैद्याची पोळी दिसते सुंदर, पण गार झाल्यावर चामट होते. मीठ आणि हळद घालून कणीक नेहमीच्या पोळीपेक्षा बरीच सैल भिजवावी, वरून तेल ओतून तिंबावी आणि दोन तास झाकून ठेवावी. दोन तासांनी तिचा गोळा ओढला असता वीतभर लांब होऊन तुटू नये. खरी गुरुकिल्ली मात्र अशी आहे की, कणीक आणि पुरण यांचा मऊपणा सारखा असला पाहिजे. डोळे मिटून एका हाताने कणीक आणि दुसऱ्या हाताने पुरण दाबून पाहावे. दोन्ही हातांना सारखेच लागले तर लाटण्याखाली दोन्ही एकत्र सरकतात. पुरण सैल आणि कणीक कडक असली तर पुरण पारीतून, म्हणजे कणकेच्या आवरणातून, बाहेर येते, आणि याच्या उलट असले तर पुरण मध्येच जमून पोळीच्या कडा कोऱ्या राहतात. तुमची पोळी कडेला फुटते की मध्ये, हे तुम्ही लिहिलेले नाही. मध्ये फुटत असेल तर पुरण आटवण्यात कसर राहिली आहे, आणि कडेला फुटत असेल तर उंडा, म्हणजे पुरण भरलेला गोळा, बंद करताना पारीची चुणी जाड राहिली आहे, असे समजून दुरुस्ती करावी.

पुरणाचा गोळा पारीच्या दीडपट ते दुप्पट घ्यावा, लाटताना तांदळाची पिठी वापरावी, लाटणे मधून कडेकडे हलके फिरवावे आणि पोळी लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोडावी. तवा मध्यम तापलेला असावा. पोळी एकदाच, फार तर दोनदा उलटावी आणि तूप तव्यावरून उतरवल्यावर लावावे. तव्यावर तूप सोडल्यास पिठी जळून पोळीला करपट वास येतो.

येळवण्याच्या आमटीविषयी फार लिहीत नाही, कारण तुमचा प्रश्न गोडाचा आणि पेयांचा आहे. एवढेच लक्षात ठेवावे की नैवेद्याच्या आमटीत कांदा-लसूण नसतो, म्हणून थोडी आमटी खोबरे, जिरे, लवंग-दालचिनी आणि चिंच-गूळ घालून वेगळी काढावी आणि मग उरलेल्या आमटीत आपली कांदा-लसूण चटणी घालावी. गुळवणी मात्र सोडू नये. पुणे-मुंबईकडे पोळीबरोबर दूध आणि तूप पुरते. आपल्याकडे, सांगलीला आणि साताऱ्याकडे गुळवणीशिवाय होळीचे ताट पुरे झाल्यासारखे वाटत नाही. एक वाटी गूळ चार वाट्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून सोडावी आणि उकळी आली की सुंठ, वेलची व कणभर मीठ घालावे. दूध घालायचे असल्यास गुळवणी पूर्ण गार झाल्यावर गार दूध घालावे. गुळात किंचित आम्लता असते, म्हणून उकळत्या गुळवणीत दूध ओतले की ते फाटते. ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली होती आणि पंगत बसलेली असताना सारे पातेले बाजूला ठेवावे लागले होते.

होळीनंतर पाचव्या दिवशी रंगपंचमी. कोल्हापुरात रंग खेळला जातो तो मुख्यतः याच दिवशी, आणि उन्हात भिजून आलेल्या मुलांना थंडाई देण्याची पद्धत आता घरोघरी रुळली आहे. थंडाई हे मूळचे उत्तरेकडचे पेय, काशी-मथुरेकडच्या होळीचे. तरीही कोल्हापूरला ती परकी वाटत नाही याचे कारण आपल्या तालमी आहेत. शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान उभारले त्याच्या आधीपासून येथे पैलवानांचा खुराक म्हणून बदामाची थंडाई घोटली जात आहे. ‘घोटणे’ हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण तालमीत कुंडीत बदाम घालून लाकडी दांड्याने तासभर गोल फिरवत ते अक्षरशः घोटतात. त्याने बदामाचे तेल पाण्यात इतके मिसळून जाते की पेय दुधासारखे पांढरे आणि दाट होते, वर तेलाचा तवंग येत नाही. तालमीच्या थंडाईत बदाम भरपूर आणि सुवास बेताचा असतो. सणाच्या थंडाईत बडीशेप, गुलाब आणि केशराचा सुवास पुढे असतो. घरच्या सणाला दुसरी करावी, पण घोटण्याची शिस्त पहिलीची घ्यावी.

एक लिटर दुधाला २५ बदाम, दोन मोठे चमचे मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, एक मोठा चमचा खसखस, एक मोठा चमचा बडीशेप, दहा-बारा काळ्या मिऱ्या, सहा वेलदोडे आणि मूठभर सुक्या गुलाबपाकळ्या घ्याव्यात. हे सारे पाच-सहा तास भिजवावे. खसखस कमी भिजली तर वाटली जात नाही आणि घशाला खरखरते. बदाम सोलावेत, सालीने थंडाई काळपट आणि तुरट होते. मिक्सरमध्ये वाटताना पाणी एकदम न ओतता चमच्या-चमच्याने घालावे. कमी पाण्यात वाटण बारीक होते, जास्त पाण्यात दाणे नुसते फिरत राहतात. वाटण कापडातून पिळून घ्यावे, उरलेला चोथा थोड्या दुधात पुन्हा वाटून पुन्हा पिळावा, कारण अर्धा स्वाद त्या दुसऱ्या पिळण्यात असतो. दूध आधी उकळून त्यात १०० ते १२५ ग्रॅम साखर विरघळवून पूर्ण गार केलेले असावे. गरम दुधात वाटण मिसळल्यास बडीशेपेचा उग्रपणा पुढे येतो आणि गुलाबाचा सुवास उडतो. मिसळल्यावर दोन तास थंड जागी मुरू द्यावी. सणाच्या निमित्ताने काही जण तीत भांग मिसळतात. ज्या पातेल्यातून मुले आणि वडीलधारी माणसे पिणार आहेत त्यात ती कदापि मिसळू नये, आणि माझ्या स्वयंपाकघरात मी ती कधी येऊ दिलेली नाही.

पाडव्याच्या साखरेच्या गाठी घरी करण्याचा आग्रह धरू नये. दोरा ओवलेल्या लाकडी साच्यात योग्य क्षणी पाक ओतणे हे वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या कारागिरांचे कौशल्य आहे, तेव्हा त्या विकत घ्याव्यात. फक्त भडक रंगाच्या न घेता पांढऱ्या घ्याव्यात. कडुनिंबाची चटणी मात्र घरी करावी. त्यासाठी कोवळी तांबूस पालवी आणि फुलोरा घ्यावा, जून पाने नकोत. त्यात गूळ, चिंच, जिरे, ओवा, मिरी, हिंग आणि मीठ घालून वाटले की मुलेही तोंड वाकडे न करता खातात.

श्रीखंडाकडे येते. श्रीखंडाची अर्धी सिद्धी दुधात असते, आणि या बाबतीत कोल्हापूरकरांना तक्रारीला जागा नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून दूध मिळते, आणि आपल्या भागातल्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचे दूध दाट असते. गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात तो सहा-सात टक्के किंवा त्याहून अधिक असतो, म्हणून म्हशीच्या दुधाचा चक्का मऊ आणि भरघोस येतो. एक लिटर चांगल्या म्हशीच्या दुधापासून साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चक्का मिळावा. त्याहून पुष्कळ अधिक भरला तर आनंद मानू नये. त्यात पाणी राहिले आहे असे समजावे.

चैत्राच्या उन्हात दही फार लवकर आंबते, ही दुसरी काळजीची बाब. थंडीत रात्रभर लागणारे विरजण या दिवसांत पाच-सहा तासांत लागते. संध्याकाळी विरजण लावून सकाळपर्यंत बाहेर ठेवलेले दही आंबट होते, आणि मग तो आंबटपणा झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते, साखर वाढली की श्रीखंड पातळ होते. म्हणून पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी विरजण लावावे, दुपारी दही घट्ट लागताच मलमलच्या दुहेरी कापडात बांधावे, पहिले दोन तास टांगून ठेवावे आणि नंतर ती पुरचुंडी चाळणीत ठेवून, वर वजन ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यावी. चक्का तयार झाल्याची खूण अशी की कापड उलगडताना तो कापडाला न चिकटता गोळ्याने सुटतो आणि बोटाने दाबल्यावर बोट कोरडे राहते.

तुमचे श्रीखंड दुसऱ्या दिवशी पातळ का झाले, याचे उत्तर साखरेच्या स्वभावात आहे. साखर चक्क्यातले उरलेसुरले पाणी ओढून बाहेर काढते आणि त्यातच विरघळते. चक्का चांगला कोरडा असेल तर हे पाणी बेताचे असते आणि श्रीखंड तासाभरात सैल होऊन फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होते. चक्का ओलसर असेल तर ते सैल होतच राहते. एक किलो चक्क्याला ७५० ते ८०० ग्रॅम साखर घरच्या श्रीखंडाला पुरेशी आहे. साखर घरीच दळून घ्यावी, कारण बाजारच्या पिठीसाखरेत अनेकदा मक्याचे पीठ मिसळलेले असते आणि ते जिभेला जाणवते. चक्क्यात साखर मिसळून दोन तास ठेवावी आणि मगच पुरणयंत्रातून किंवा ताणून बांधलेल्या कापडातून घोटून काढावे. केशर दोनच चमचे कोमट दुधात भिजवावे; वाटीभर दुधात भिजवून सारे ओतणाऱ्या मी पाहिल्या आहेत, आणि मग त्या चक्क्याला दोष देतात. आम्रखंड पाडव्याला करू नये असे माझे मत आहे. तेव्हा हापूस महाग असतो आणि पुरता गोडीला आलेला नसतो. अक्षय तृतीयेला करावे, आणि आमरस आधी आटवून गार करून घालावा, कारण त्यातही पाणीच अधिक असते. दह्याचे निथळलेले पाणी थालीपिठाचे पीठ भिजवायला किंवा कढीला वापरावे.

आता ४० जणींचे हळदीकुंकू. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय तृतीयेपर्यंत असते, तेव्हा तुमच्याकडे महिनाभराचा अवकाश आहे. जोतिबाची चैत्र पौर्णिमेची यात्रा आणि दुसऱ्या दिवशीचा अंबाबाईचा रथोत्सव हे दोन दिवस टाळावेत, कारण त्या दिवशी शहरात कोणालाही वेळेवर पोहोचता येत नाही. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात कोकणातून घाट चढून येणारी कैरीही अधिक चांगली मिळते. कपिलतीर्थ बाजारात कैरी निवडताना ती कडक, गडद हिरवी आणि कोय धरलेली घ्यावी. फार कोवळी कैरी तुरट असते आणि पाडाला लागलेली गोडसर, आणि दोन्हींचे पन्हे मिळमिळीत होते.

तुमच्या पन्ह्याचा स्वाद गेला तो कैरी पाण्यात उकडल्यामुळे. पाण्यात बुडवून उकडलेली कैरी फुटते, आंबटपणा आणि सुवास पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आपण ओतून देतो. कैऱ्या अख्ख्या, देठ काढून, चाळणीत ठेवून वाफेवर पंधरा-वीस मिनिटे उकडाव्यात. गार झाल्यावर साल काढून, सालीच्या आतला गरही चमच्याने खरवडून घ्यावा, कारण सुवास तेथेच दाट असतो. सव्वा किलो कैरीचा साधारण पाऊण किलो गर निघतो आणि त्याला एक किलो गूळ लागतो. गूळ थोड्या पाण्यात वेगळा विरघळवून, गार करून, गाळून मग गरात मिसळावा. गर आणि गूळ एकत्र शिजवीत बसू नये, कारण त्याने पन्हे टिकते पण कैरीचा ताजेपणा जातो. रंग उजळ हवा असेल तर निम्मा गूळ आणि निम्मी साखर घ्यावी. मी स्वतः पूर्ण गुळाचेच करते. मीठ पाऊण चमचा, वेलची आणि थोडे केशर घालावे. हा अर्क पाणी घालून सहा लिटर होईपर्यंत वाढवला की दीडशे मिलिलिटरचे ४० पेले होतात. पाणी सारे आधीच न ओतता पाच लिटरवर थांबून चव पाहावी, कारण प्रत्येक कैरीचा आंबटपणा वेगळा असतो.

भांड्यांविषयी एक सूचना गांभीर्याने घ्यावी. सणाला आजीची पितळी घागर काढण्याचा मोह होतो. पन्हे आंबट असते आणि कल्हई नसलेल्या किंवा विटलेल्या पितळेत ते ठेवले की तासाभरात कळकते, हिरवट दिसते आणि पिणाऱ्याला मळमळते. माझ्या आईच्या पितळी पातेल्यात एकदा सकाळी करून ठेवलेले दहा लिटर पन्हे मी दुपारी ओतून दिले आहे. स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे, आणि मातीच्या माठात ठेवायचे असेल तर तो माठ त्यानंतर पाण्यासाठी वापरू नये.

पन्ह्याबरोबर कैरीची डाळ लागतेच. ४० जणींना अर्धा किलो हरभरा डाळ पुरते. चार-पाच तास भिजवून ती कापडावर पसरून अर्धा तास कोरडी करावी आणि पाणी न घालता भरड वाटावी. ओल्या डाळीचे वाटण चिकट होते आणि लवकर आंबते. वाटलेली डाळ फ्रिजमध्ये ठेवावी. पाव किलो कैरीचा कीस, एका नारळाचे खोबरे, मीठ आणि चवीपुरती साखर पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी मिसळावी. मोहरी, हिंग, हळद आणि हिरव्या मिरचीची फोडणी आधी करून पूर्ण गार झालेली असावी. गरम फोडणीने कच्च्या डाळीचा कुरकुरीतपणा जातो. ही डाळ चैत्रातल्या दुपारी चार तासांच्या पुढे बाहेर ठेवू नये. उरली तर दुसऱ्या दिवशी ती वाफवून, परतून संपवावी.

बर्फ पन्ह्याच्या मोठ्या भांड्यात घालू नये. तो वितळून शेवटच्या दहा जणींना पाणचट पन्हे मिळते. पन्हे सकाळीच करून फ्रिजमध्ये गार करावे आणि बर्फ बाहेरच्या परातीत, भांड्याभोवती ठेवावा.